साडेतीस गुण

नोटीस बोर्डावर कागद लागला आणि खात्यात एकच प्रश्न फिरायला लागला: कुणाला काढणार? कागदावर तसलं काहीच नव्हतं. ‘अंगमेहनतीच्या कामावरील सर्व कामगारांची कार्यक्षमता तपासणी’ एवढी एक ओळ आणि खाली पाळीप्रमाणे तारखा. पण कारखान्यात बावीस वर्षं काढलेला माणूस नोटीस वाचताना मजकूर कमी आणि सही कुणाची ते जास्त बघतो. सही एचआरची होती. आम्ही काय ते समजलो.

मी फाउंड्रीत फेटलिंगला आहे. वय ४७. साच्यातून निघालेलं कास्टिंग थंड झालं की आमच्याकडे येतं. त्याचे रायझर आणि गेट, म्हणजे धातू ओतताना चिकटून राहिलेले जादा तुकडे, तोडायचे, कडेला आलेली धार ग्राइंडरने घासायची, आत अडकलेली वाळू चिपिंग हॅमरने उडवायची. माझ्या टेबलावर येणारं हाउसिंग, म्हणजे यंत्राच्या कवचाचं कास्टिंग, १८ किलोचं. जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी बिनमधून वाकून उचलायचं, अंग वळवून टेबलावर ठेवायचं, घासायचं, पुढे सरकवायचं. दर दोन मिनिटांना एक. पाळीत दोनशेच्या आसपास होतात, म्हणजे साडेतीन टनांच्या वर लोखंड रोज माझ्या कमरेवरून जातं. हा हिशेब मी या तपासणीच्या आधी कधी केला नव्हता. केला असता तरी काय करणार होतो म्हणा.

तीन वर्षांपूर्वी कमरेत चमक भरली ती पुरती गेलीच नाही. मणक्याची एक गादी सरकली आहे असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पट्टा बांधून काम चालू होतं. बोटांचं दुखणं त्याहून जुनं. थंडीत सकाळी उजव्या हाताची दोन बोटं टोकाला पांढरीफटक पडतात आणि रात्री मुंग्यांनी झोप मोडते. याबद्दल मी कुणाला सांगितलं नव्हतं. फेटलिंगच्या माणसाने हाताची तक्रार सांगायची म्हणजे गवंड्याने उंचीची भीती वाटते म्हणण्यासारखं.

पहिल्या दिवशी फक्त एक फॉर्म होता. दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही आठ-दहा जण ओळीने बसलो, प्रत्येकाची नजर शेजाऱ्याच्या कागदावर. पहिलाच प्रश्न असा: तुमच्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या काळातल्या कार्यक्षमतेला १० गुण धरले, तर आज स्वतःला किती द्याल? शेजारी बसलेल्या काकांनी पेन उघडलंही नाही आणि मला कोपराने ढोसलं. “दहाच टाक. कमी टाकलास की गेलास.” मला दहा टाकायला लाज वाटली. नऊ टाकले. नऊ दिसायला खरे वाटतात.

पुढचे प्रश्न त्याच चालीवर गेले. कामातल्या शारीरिक गरजांच्या मानाने तुमची क्षमता कशी? चांगली. मानसिक गरजांच्या मानाने? तीही चांगली. डॉक्टरांनी निदान केलेले आजार कोणते? खाली आजारांची लांबलचक यादी होती, पाठीचे, हातापायांचे, छातीचे, कानाचे. मी एकाही चौकटीला हात लावला नाही. आजाराने कामात अडथळा येतो का? नाही. गेल्या वर्षी आजारपणाच्या किती रजा? खरे खाडे चौदा होते, पण दहाच्या आतला पर्याय दिसला तो उचलला. दोन वर्षांनी हेच काम करू शकाल असं वाटतं का? जवळजवळ नक्की. शेवटी कामात आनंद वाटतो का, उत्साह वाटतो का, पुढच्या दिवसांबद्दल आशा वाटते का, असे तीन. तिन्हींना ‘नेहमी’.

नंतर कळलं की याला कार्यक्षमता निर्देशांक म्हणतात आणि माझे त्या दिवशी ४९ पैकी ४५ गुण झाले होते. ४४ किंवा वर म्हणजे सर्वोत्तम गट. कमरेला पट्टा बांधून मी सर्वोत्तम गटात बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी खरी तपासणी. कान आणि फुप्फुसं लवकर आटोपली. कानाचा आलेख आधी सरळ चालला होता आणि चार हजार हर्ट्झवर त्याला खड्डा पडला होता. अनेक वर्षं आवाजात काम करणाऱ्यांच्या कानाला खड्डा पडतो तो बहुतेक वेळा तिथेच, असं टेक्निशियन म्हणाला. फुंकर मारायच्या यंत्रात मी जीव खाऊन फुंकलो, ते ठीक निघालं.

मग फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे. छातीला नाडी मोजणारा पट्टा बांधला आणि समोर ३० सेंटिमीटरची पायरी ठेवली. टकटक करणाऱ्या ठेक्यावर चढायचं-उतरायचं. मिनिटाला १५ वेळांपासून सुरुवात, दर दोन मिनिटांनी ठेका पाचने वाढतो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी भिंतीवरच्या पट्टीकडे बघून श्रम किती वाटतात तो आकडा सांगायचा. पट्टी विचित्र आहे, ६ पासून सुरू होते आणि २० ला संपते. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, १३ म्हणजे थोडं जड, १७ म्हणजे फारच जड. चौथा टप्पा संपला तेव्हा घाम हनुवटीवरून टपकत होता. मी शांत चेहऱ्याने सांगितलं, “बारा.”

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. “नाडी १३९ आहे.”

“मग?”

“ही पट्टी गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने केली. सहापासून का सुरू होते सांगू? आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडी येते. निवांत बसलेल्या माणसाची साठ, म्हणून सहा. तुम्ही बारा म्हणालात, म्हणजे १२० हवी होती.” आणि यंत्र बंद केलं. २२० मधून वय वजा करायचं, माझं १७३ येतं, त्याच्या ८० टक्क्यांना म्हणजे १३८ ला थांबायचं असा त्यांचा नियम होता. मला वाटलं, मी हरलो.

हाताच्या पकडीत मात्र मी जिंकणार याची खात्री होती. मूठ आवळायचं यंत्र, प्रत्येक हाताला तीन वेळा. उजवा ४५, ४४, ४५ किलो. बावीस वर्षं ग्राइंडर धरलेला हात आहे, त्याला काय धाड भरली आहे? मॅडमनी आकडे लिहिले आणि म्हणाल्या, “तीन वेळा का घेतो माहीत आहे? जो मुद्दाम कमी जोर लावतो त्याचे तीन आकडे लांब-लांब येतात. नाटक तीनदा सारखं करता येत नाही.” मी हसलो. मला कमी जोर लावायचाच नव्हता.

यानंतर त्यांनी एक फळी पुढे ठेवली. फळीला बारीक भोकांच्या रांगा आणि वर वाटीत धातूच्या पिना. अर्ध्या मिनिटात जमतील तितक्या पिना एकेक करून भोकात बसवायच्या. पोरखेळ. पहिली पीन उचलायला गेलो तर चिमटीत आली की नाही तेच कळेना. डोळ्यांनी बघून उचलायची, मग ती फिरायची, मग निसटायची. अर्ध्या मिनिटात नऊ बसल्या. पंधराच्या आसपास बसतात म्हणे. मग डोळे मिटायला लावून बोटांच्या टोकांना बारीक तार टेकवली, स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचं. बराच वेळ शांतता होती म्हणून मी विचारलं, “सुरू करायचं का?” त्या म्हणाल्या, “संपलं.”

शेवटी पेटी. जमिनीवरून उचलून कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवायची. पाच फेऱ्या झाल्या की त्या आत वजन टाकणार, किती ते सांगणार नाहीत, वरून झाकण. मी शपथ घेतल्यासारखा उचलत राहिलो. चेहऱ्यावर एक रेष हलू दिली नाही. कितव्या तरी फेरीला त्या म्हणाल्या, “थांबा.”

“अजून जमेल मला.”

“जमेल, माहीत आहे. पण मघापासून तुमचा डावा पाय मागे जातोय, पेटी मांडीवर टेकवून वर घेताय, आणि श्वास रोखताय. चेहऱ्यावरून काही कळत नाही तुमच्या. मी चेहरा बघतच नाही, खांदे आणि पाय बघते.” पेटीत २० किलो होते. कधीमधी उचलायला २० ठीक, पण पाळीभर वारंवार उचलायला नाही, असं त्यांनी लिहिलं.

संध्याकाळी कंपनीच्या डॉक्टरांनी बोलावलं. टेबलावर माझा फॉर्म आणि शेजारी दिवसभराचे आकडे. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “हा फॉर्म भरणारा माणूस आणि ही पेटी उचलणारा माणूस, दोघांना एकदा भेटवायला पाहिजे.”

मग ते एक गोष्ट बोलले ती माझ्या डोक्यातून जात नाही. या सगळ्या चाचण्या, तीनदा मूठ आवळणं वगैरे, त्यातला मोठा भाग ढोंग पकडायला रचलेला आहे. कारण नुकसानभरपाई मागायला येणारा माणूस असेल त्याहून अशक्त दाखवील अशी विमावाल्यांना धास्ती. फाउंड्रीत उलट होतं. इथे माणूस असेल त्याहून धडधाकट दाखवतो, आणि ते पकडायला एकही यंत्र नाही. पिना सोडल्या तर.

मी विचारलं ते सरळच विचारलं. “खरं लिहिलं तर हा कागद एचआरकडे जाणार. मग?”

ते म्हणाले, आजाराचं नाव, आलेख, आकडे, यातलं काहीही दवाखान्याबाहेर जाणार नाही. व्यवस्थापनाला फक्त एक ओळ जाते: कामाला योग्य, अमुक बंधनांसह योग्य, किंवा या कामाला अयोग्य. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८५ मध्ये व्यावसायिक आरोग्य सेवांबद्दल केलेल्या शिफारशीतही हेच आहे, असं म्हणून त्यांनी मला तो भाग वाचायला दिला. माझा विश्वास बसला का? निम्मा बसला. बाकीचा निम्मा मी काकांबद्दल विचारल्यावर. काकांबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, मी तीन वेळा खोदून विचारूनही. तेव्हा वाटलं, हा माणूस माझंही सांगणार नाही.

त्यांनी मला फॉर्म परत दिला आणि म्हणाले, घाई नाही. हा फॉर्म फिनलंडमध्ये तयार झाला. तिथे १९८१ साली नगरपालिकांच्या कामगारांचा अभ्यास सुरू झाला, चव्वेचाळीस ते अठ्ठावन्न वयाच्या लोकांचा, आणि त्याच लोकांकडे १९८५ मध्ये आणि १९९२ मध्ये पुन्हा जाऊन बघितलं. युहानी इल्मारिनेन हे त्यातले एक प्रमुख संशोधक. सुरुवातीला ज्यांचे गुण कमी, त्यांच्यातले बरेच जण पुढे काम सोडून अपंगत्वाच्या पेन्शनवर गेले. म्हणजे माणूस कोसळायच्या आधी काही वर्षं हा कागद कुरकुरायला लागतो. “पण खरं लिहिलं तरच कुरकुरतो,” डॉक्टर म्हणाले. “आणि हे लक्षात घ्या. माणसाची प्राणवायू वापरायची ताकद तिशीनंतर दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी उतरते. तुमच्या कास्टिंगचं वजन उतरतं का? तुम्ही पंचविशीत होता तेव्हाही अठरा किलोच होतं.”

मी त्यांना म्हटलं की आमच्या खात्यात सगळे ठणठणीत आहेत, नवे मॅनेजरही परवा असंच म्हणाले. त्यावर त्यांनी विचारलं, तुमच्या खात्यात बावन्नच्या वरचे किती जण आहेत? मी मोजायला लागलो. एक काका. बाकीचे कुठे गेले? कुणी राजीनामा दिला, कुणी वॉचमन झाला, कुणी नुसताच यायचा थांबला. ज्यांना झेपलं नाही ते गेले आणि उरलेल्यांना मोजून आम्ही म्हणतो खातं तंदुरुस्त आहे.

दुसऱ्यांदा फॉर्म भरायला मला चाळीस मिनिटं लागली. पहिल्या वेळी पाच लागली होती.

आजची क्षमता, दहापैकी: सहा. शारीरिक गरजांच्या मानाने: मध्यम, पाचपैकी तीन. मानसिक: चांगली, चार. इथे गुण देण्याची एक पद्धत मला आवडली. अंगमेहनतीचं काम असेल तर शरीराच्या उत्तराला दीडने गुणतात आणि डोक्याच्या उत्तराला अर्ध्याने, बैठं डोक्याचं काम असेल तर उलट. म्हणजे माझे साडेचार आणि दोन, साडेसहा. आजार दोन, कंबर आणि कान. बोटांचं अजून निदान झालेलं नव्हतं म्हणून धरलं नाही. दोन आजारांचे चार गुण. अडथळा: कधीकधी कामाचा वेग कमी करावा लागतो किंवा पद्धत बदलावी लागते. हेही चार. रजा चौदा दिवस, तीन. शेवटच्या तीन प्रश्नांचे मिळून तीन.

राहिला सहावा. दोन वर्षांनी हेच काम करू शकाल का? उत्तरं तीनच: शक्य दिसत नाही, सांगता येत नाही, जवळजवळ नक्की. गुण एक, चार, सात. मधे काही नाही, पाच नाही, सहा नाही. मी बराच वेळ त्या तीन ओळींकडे बघत बसलो. नोकरीला लागल्यापासून मी पुढच्या आठवड्याच्या पाळीचा विचार केला होता, पोरांच्या शाळेचा केला होता, कमरेला दोन वर्षांनी काय वाटेल हा विचार कधी केला नव्हता. ‘सांगता येत नाही’ वर खूण केली.

बेरीज साडेतीस. २८ ते ३६ मध्यम, २७ आणि खाली निकृष्ट. मध्यम गटाच्या खालच्या अंगाला. शाळेत काठावर पास झालो होतो तेव्हाही असंच वाटलं होतं, सुटलो आणि लाज वाटली, दोन्ही एकदम.

मला वाटलं, संपलं. पण तिसऱ्या दिवशी सेफ्टीचे साहेब मोजपट्टी घेऊन माझ्या टेबलावर आले. मी खात्यात असताना इतक्या जणांनी माझं काम तपासलं, वेळ लावून तपासलं, नग मोजून तपासलं. मोजपट्टी लावून कुणी तपासलं नव्हतं. बिनमधल्या कास्टिंगच्या मध्यापासून माझ्या घोट्यापर्यंतचं आडवं अंतर ५० सेंटिमीटर. बिनची कड मधे येते, जवळ जाताच येत नाही. उचलताना हात जमिनीपासून २० सेंटिमीटरवर. टेबल ९५ वर. म्हणजे ७५ सेंटिमीटर वर न्यायचं. अंग वळतं ४५ अंश. पकडायला धड जागा नाही.

उचलण्याचं एक सूत्र आहे, अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचं, १९९१ मध्ये सुधारलेलं. ते २३ किलोपासून सुरू होतं. वजन अंगाजवळ, कंबरेच्या खाली-वर न जाता, समोरासमोर, धरायला चांगली मूठ आणि क्वचितच उचलायचं असेल तर २३ किलो. मग प्रत्येक अडचणीला एकेक कातरी लागते. साहेब पाठीमागे वहीवर गुणत होते आणि मी वाचत होतो. अंतर ५० सेंटिमीटर म्हणून अर्धे गेले, साडेअकरा उरले. खाली वाकतो म्हणून ९.६. इतकं वर न्यायचं म्हणून ८.४. अंग वळतं म्हणून ७.२. दोन मिनिटांना एक, आठ तास, म्हणून ५.९. पकड वाईट म्हणून ५.३.

५.३ किलो. त्या जागी, त्या पद्धतीने, पाळीभर एवढंच उचलायला हवं होतं. मी १८ उचलत होतो. भागाकार केला की ३.४ येतो, आणि हा आकडा एकच्या पुढे जाऊ नये असं सूत्र म्हणतं.

मी त्यांना म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी पुन्हा केलं. तेवढाच आला.

त्या दिवशी मी नाडीचा पट्टा बांधून पाळी केली. बसलेल्या माणसाची माझी नाडी ६८, वर जायची मर्यादा १७३, म्हणजे मधे १०५ ची जागा. पाळीची सरासरी १११ आली. उपलब्ध जागेपैकी ४१ टक्के मी आठ तास वापरत होतो, आणि दिवसभर चालणाऱ्या कामाने साधारण एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ नये असं धरतात. घरी गेल्यावर जिना चढायचा कंटाळा का येतो, चारचौघांत बोलायचाही का येतो, ते मला वयाचं वाटत होतं.

ग्राइंडरच्या दांड्यालाही एक छोटं यंत्र लावलं, कंपन मोजायला. आकडा ७ मीटर प्रति सेकंद वर्ग. युरोपात आठ तासांच्या सरासरीला अडीचवर काळजी घ्यायला सुरुवात करतात आणि पाचच्या पुढे जाऊ देत नाहीत. माझा ग्राइंडर दिवसात तीनेक तास प्रत्यक्ष फिरतो. त्याची सरासरी ४.३ निघाली. अडीचच्या आत राहायचं तर हा ग्राइंडर दिवसाला तासभरच धरायचा. तासभर! तेवढ्यात आमची पहिली बिन निम्मीही होत नाही.

निकाल आला तो एका ओळीचाच. बंधनांसह योग्य: वारंवार १० किलोच्या वर उचलणं नाही, कंपनाचं अवजार दिवसाला एक तास, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. बोटांचं निदान पुढच्या महिन्यात झालं, त्याला नाव मिळालं. नाव मिळाल्याने मुंग्या कमी होत नाहीत, पण रात्री उठून हात झटकताना आपण वेडे नाही एवढं कळतं.

मला गेजिंगला बसवलं. तयार झालेल्या हाउसिंगची मापं तपासायची, तासभर ग्राइंडर. सांगायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात मला स्वतःचाच राग आला होता. इन्सेंटिव्ह नगांवर मिळतो आणि माझे नग गेले. खात्यातले पोरं ‘साहेब’ म्हणायला लागली. काका तर तोंडावर म्हणाले, “सांगितलं होतं, दहा टाक.” काकांनी स्वतः काय टाकलं ते मला माहीत नाही, पण त्यांनी दवाखान्यात दुसऱ्यांदा जायला नकार दिला हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांना दोष देणार नाही. इन्सेंटिव्ह जाईल हे तपासणीआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. डॉक्टरांनी गुपित राखलं ते खरं, पण गेजिंगच्या खुर्चीत बसलेला माणूस कंबरेचा आहे हे सांगायला फाइल लागत नाही. युनियनने आता ती मागणी धरली आहे, बंधनांमुळे हललेल्या माणसाचा इन्सेंटिव्ह निदान सरासरीने द्यावा. बोलणी चालू आहेत.

टेबलाचं काम मात्र झालं. बिन ठेवायला सिझर लिफ्टचं, म्हणजे वर-खाली होणारं, टेबल आलं, कास्टिंग नेहमी ७५ सेंटिमीटरवर. बिनची एक बाजू खाली पडणारी केली, आता जवळ जाता येतं, अंतर ३०. बिन समोर घेतली, वळायचं गेलं. वर न्यायचं वीसच सेंटिमीटर. साहेबांनी मला बोलावून माझ्यासमोर पुन्हा गुणाकार केला: १४ किलोला थोडं कमी. भागाकार १.३. एकवर नाही आला. पकडायला अजून मूठ नाही आणि कास्टिंगचं वजन तेवढंच आहे. पण ३.४ कुठे आणि १.३ कुठे. बावीस वर्षं मी माझ्या कमरेला कमजोर म्हणत होतो.

सहा महिन्यांनी पुन्हा फॉर्म भरला. पस्तीस आले. पिना अकरा. पकड तेवढीच. पाळीची सरासरी नाडी १०४. सहाव्या प्रश्नाला पुन्हा ‘सांगता येत नाही’. डॉक्टरांनी विचारलं, अजूनही? मी म्हटलं, माझ्या जुन्या टेबलावर आता तेवीस वर्षांचा मुलगा आहे, त्याला विचारा. तो लिफ्ट वर यायची वाट बघत नाही. नऊ सेकंद लागतात, नग कमी होतात म्हणतो, आणि खाली वाकूनच उचलतो. मी त्याला ओरडायला गेलो तेव्हा त्याचा महिन्याचा इन्सेंटिव्ह त्याने मला तोंडपाठ सांगितला. तिथे माझ्याकडे उत्तर नव्हतं. नऊ सेकंदांचे पैसे कोण देणार हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही.

साहेबांनी त्यांची जुनी मोजपट्टी मला देऊन टाकली आहे. मागच्या आठवड्यात नवीन लाइन सुरू झाली, पंप बॉडीची, २२ किलो. बिन पुन्हा जमिनीवर. मी मधल्या सुट्टीत जाऊन मापं घेतली: आडवं अंतर ५५, हात जमिनीपासून १५, अंग वळतं जवळजवळ काटकोनात. आकडे एका कागदावर लिहून खाली सही करून सेफ्टीला दिले. पोच घेतली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.